ऑप-अँपमध्ये गेन सोडून बँडविड्थ कशी मिळवायची: ब्रेडबोर्डवर स्वतः मोजून पाहा

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळासाठी माइकचा प्रीअँप बनवला होता. एकच ७४१ (ही एक ऑप-अँप, म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायरची आयसी), फीडबॅकला, म्हणजे आउटपुटपासून परत इनपुटकडे, १ मेगाओहम, ग्राउंडला १ किलोओहम, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) १००१. घरी १०० हर्ट्झचा सिग्नल देऊन तपासला तेव्हा गेन बरोबर आला. मांडवात लावल्यावर आवाज मोठा येत होता, पण तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा. 'स', 'श', 'च' ही अक्षरं दबून जायची. मी आधी माइक बदलला, मग स्पीकर. दोष दोन्हींत नव्हता. ७४१ची गेन-बँडविड्थ, म्हणजे गेन आणि बँडविड्थ (जिथपर्यंत गेन टिकतो ती फ्रिक्वेन्सी) यांचा गुणाकार, साधारण १ मेगाहर्ट्झ असते, तिला १००१ने भागलं की उरतात जेमतेम १ किलोहर्ट्झ. 'स'ची बहुतेक ताकद ४ किलोहर्ट्झच्या वर असते. मी स्वतःच ती कापून टाकली होती.

हा भागाकार बहुतेकांना पाठ असतो. तो का चालतो, कुठे चालत नाही आणि त्यात नेमका कोणता गेन घालायचा, इथे मात्र गोंधळ होतो. म्हणून आधी थोडं गणित करू आणि मग प्रत्येक गोष्ट टेबलावर मोजू.

आधी हिशेब

ऑप-अँपचा स्वतःचा, म्हणजे ओपन लूप गेन 'ए' मानू. आउटपुटचा जेवढा हिस्सा आपण मायनस इनपुटला परत नेतो तो 'बीटा'. नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत (सिग्नल प्लस इनपुटला) ग्राउंडकडचा रेझिस्टर १ किलोओहम आणि फीडबॅकचा ९९ किलोओहम असेल, तर बीटा १/१०० झाला. मग

क्लोज्ड लूप गेन = ए ÷ (१ + ए × बीटा)

७४१चा 'ए' डीसीला साधारण २,००,००० असतो. ए × बीटा म्हणजे २०००, आणि गेन येतो २,००,००० ÷ २००१ = ९९.९५. आता समजा, दुसऱ्या लॉटची आयसी मिळाली आणि तिचा 'ए' निम्माच, १,००,००० निघाला. गेन येईल ९९.९०. आयसीचा गेन अर्धा झाला आणि आपल्या सर्किटमध्ये फरक पडला फक्त ०.०५ टक्के.

ए × बीटा या गुणाकाराला लूप गेन म्हणतात. मी वर्गात त्याला 'शिल्लक' म्हणतो. ऑप-अँपकडे गेनची जी पुंजी असते तिच्यातला काही भाग सिग्नल मोठा करण्यात खर्च होतो आणि उरलेला चुका दुरुस्त करायला हाताशी राहतो. अचूकता, कमी डिस्टॉर्शन, कमी आउटपुट इम्पिडन्स हे सगळं या शिल्लकीवर मिळतं. ७४१चा आउटपुट रेझिस्टन्स ७५ ओहम आहे. शिल्लक २००० असेल तेव्हा बाहेरून तो ०.०४ ओहमपेक्षाही कमी दिसतो.

निगेटिव्ह फीडबॅकची ही युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक यांची. ते बेल लॅबोरेटरीजमध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवरच्या अँप्लिफायरवर काम करत होते. असे अनेक अँप्लिफायर एकामागोमाग लागायचे, प्रत्येकाचं डिस्टॉर्शन पुढच्यात मिसळायचं आणि व्हॅक्युम ट्यूब जुनी झाली की गेन बदलायचा. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना त्यांना सुचलं की मुद्दाम जास्त गेनचा अँप्लिफायर करायचा आणि आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला द्यायचा. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यांनी समीकरणं लिहून काढली. मोठ्या कष्टाने मिळवलेला गेन जाणूनबुजून कमी करायचा, हे त्या काळच्या लोकांना पटणं अवघड होतं. पेटंट मंजूर व्हायला डिसेंबर १९३७ उजाडला.

शिल्लक फ्रिक्वेन्सीबरोबर संपते

वरचा हिशेब डीसीचा होता. ७४१चा 'ए' साधारण ५ हर्ट्झपर्यंतच २,००,००० राहतो. त्यानंतर फ्रिक्वेन्सी दहापट झाली की गेन एक दशांश होतो: १०० हर्ट्झला १०,०००, १ किलोहर्ट्झला १०००, १० किलोहर्ट्झला १०० आणि १ मेगाहर्ट्झला १. फ्रिक्वेन्सी आणि गेन यांचा गुणाकार कुठेही घ्या, १ मेगाहर्ट्झच येतो. यालाच गेन-बँडविड्थ प्रॉडक्ट म्हणतात.

५ हर्ट्झ हा आकडा पहिल्यांदा पाहिला की आयसी निकामी वाटते. पण तो मुद्दाम तिथे ठेवलेला आहे. १९६८ साली फेअरचाइल्डमध्ये डेव्ह फुलगर यांनी ७४१ची रचना केली तेव्हा आत चिपवरच ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवला. त्याआधीच्या ७०९ला असे कपॅसिटर बाहेरून, हिशेब करून लावावे लागत, आणि चुकलं की सर्किट ऑसिलेट व्हायचं. ७४१ कुठल्याही गेनला शांत राहते ती या कपॅसिटरमुळे. ती मंद आहे तीही त्याच्यामुळेच.

आता गेन १०० असलेलं सर्किट घ्या. १० किलोहर्ट्झला 'ए' १०० आहे, म्हणून शिल्लक बरोबर १. इथे आयसीचा गेन ९० अंश मागे पडलेला असतो, त्यामुळे आउटपुट अर्धं न होता ०.७०७ पट होतं. तीच आपली ३ डीबीची जागा, म्हणजे बँडविड्थ १० किलोहर्ट्झ. गेन १० ठेवला असता तर शिल्लक १ व्हायला १०० किलोहर्ट्झ लागले असते. फीडबॅकने आयसीत नवा वेग घातला नाही. कमी मागितलं, म्हणून शिल्लक जास्त दूरपर्यंत पुरली.

पायरी १: जोडणी

८ पिनांची ७४१ घ्या. पिन ७ला +१२ व्होल्ट, पिन ४ला -१२ व्होल्ट, पिन २ मायनस इनपुट, पिन ३ प्लस इनपुट, पिन ६ आउटपुट. पिन ७ आणि ४पासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, तोही आयसीला अगदी चिकटून. हे कपॅसिटर विसरले की पुढचं कुठलंच रीडिंग भरवशाचं राहत नाही. रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म घ्या, प्रोब ×१०वर ठेवा.

पहिलं सर्किट गेन १०१चं: पिन ६ ते पिन २ मध्ये १०० किलोओहम, पिन २ ते ग्राउंड १ किलोओहम. याला इनपुट फक्त १० मिलिव्होल्ट द्यायचं आहे, आणि बहुतेक फंक्शन जनरेटर इतका छोटा सिग्नल स्वच्छ देत नाहीत. म्हणून जनरेटरपासून पिन ३ला १० किलोओहम आणि पिन ३पासून ग्राउंडला १०० ओहम लावा. हा डिव्हायडर सिग्नल १०१ पट कमी करतो आणि अँप्लिफायर तो १०१ पट वाढवतो. त्यामुळे जनरेटर आणि आउटपुट ही दोन चॅनल कमी फ्रिक्वेन्सीला सारख्याच उंचीची दिसतात. आउटपुट ०.७ पट झालं की बँडविड्थ सापडली, आकडेमोड करत बसायला नको.

पायरी २: पहिलं रीडिंग

जनरेटर १ व्होल्ट पीकवर ठेवा, फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ. आउटपुट काहीशे मिलिव्होल्ट वर किंवा खाली सरकलेलं दिसलं तर घाबरू नका. आयसीचा एक-दोन मिलिव्होल्टचा ऑफसेटही १०१ पट झालेला असतो. स्कोप एसी कपलिंगवर घ्या.

आता फ्रिक्वेन्सी वाढवत जा. १ किलोहर्ट्झला शिल्लक दहाच्या आसपास उरलेली असते. चूक १० टक्के दिसेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात उंची अर्ध्या टक्क्यानेच घटते, कारण ती चूक सिग्नलशी काटकोनात असते. हा मुद्दा पुढे आयसी निवडताना उपयोगी पडेल. १० किलोहर्ट्झच्या आसपास उंची ०.७ व्होल्टवर येईल. तिथे दोन्ही वेव्हमधलं अंतरही मोजा. ते साधारण १२.५ मायक्रोसेकंद, म्हणजे ४५ अंश भरलं पाहिजे. उंची आणि अंतर दोन्ही जुळली तर तुम्ही खरंच बँडविड्थ मोजलीत.

मिळालेल्या फ्रिक्वेन्सीला १०१ने गुणा. गुणाकार नेमका १ मेगाहर्ट्झ येईलच असं नाही. ७०० किलोहर्ट्झ ते दीड मेगाहर्ट्झ यांतलं काहीही या आयसीसाठी नेहमीचं आहे.

पायरी ३: व्हर्च्युअल ग्राउंडवरचा विश्वास तपासा

पिन २ आणि पिन ३वर एकसारखाच व्होल्टेज असतो, असं आपण शिकलेलो असतो. सर्किट तसंच ठेवून दोन प्रोब या दोन पिनांवर लावा. प्रोब इथे ×१वर घ्या, सिग्नल छोटा आहे. १०० हर्ट्झला दोन्ही १० मिलिव्होल्ट, एकमेकांवर बसलेले. १० किलोहर्ट्झला पिन ३ अजून १० मिलिव्होल्टवरच असते, पण पिन २ सातवर आलेली आणि मागे पडलेली. दोन्हींतला फरक मोजला तर तोही ७ मिलिव्होल्ट निघतो. आउटपुट ०.७ व्होल्ट आणि 'ए' १००, म्हणून इनपुटला ७ मिलिव्होल्ट लागणारच. शिल्लक आहे तोवरच ते दोन इनपुट एकत्र राहतात. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं रीडिंग हेच आहे, आणि बहुतेकांच्या जर्नलमध्ये ते नसतं.

पायरी ४: गेन ११ आणि गेन १

फीडबॅकला १० किलोओहम, ग्राउंडला १ किलोओहम करा. डिव्हायडरही १ किलोओहम आणि १०० ओहमचा करा, म्हणजे पुन्हा दोन्ही चॅनल सारखी. बँडविड्थ ९० किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवी. पण जनरेटर १ व्होल्टवरच ठेवलात तर ती त्याआधीच संपल्यासारखी दिसेल आणि साइन वेव्हचा त्रिकोण होऊ लागेल. ही बँडविड्थ नव्हे, हा स्ल्यू रेट.

आतल्या त्या ३० पिकोफॅरडला चार्ज करायला इनपुट स्टेजकडे १५ ते २० मायक्रोअँपिअरच करंट असतो. १५ मायक्रोअँपिअर भागिले ३० पिकोफॅरड, म्हणजे ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. यापेक्षा वेगाने आउटपुट हलूच शकत नाही, फीडबॅक कितीही असो. साइन वेव्हचा सर्वांत तीव्र चढ २ × पाय × फ्रिक्वेन्सी × पीक व्होल्टेज इतका असतो. १ व्होल्ट पीकला ही मर्यादा ८० किलोहर्ट्झला लागते, १० व्होल्ट पीकला फक्त ८ किलोहर्ट्झला. म्हणून या पायरीत जनरेटर ०.२ व्होल्ट पीकवर आणा.

कुठली मर्यादा लागली हे ओळखण्याची खात्रीची चाचणी सोपी आहे. इनपुट निम्मं करा. आउटपुट बरोबर निम्मं झालं आणि आकार तोच राहिला तर ती बँडविड्थ. आकार सुधारला, किंवा उंची निम्म्याहून जास्त राहिली, तर स्ल्यू रेट.

मग पिन ६ थेट पिन २ला जोडून फॉलोअर करा. डिव्हायडर काढा, इनपुट ५० मिलिव्होल्ट पीक. बँडविड्थ १ मेगाहर्ट्झच्या आसपास येईल. इथे गुणाकार आधीच्या दोन रीडिंगशी तंतोतंत जुळणार नाही, कारण या फ्रिक्वेन्सीला आयसीतले इतर छोटे विलंबही दिसू लागतात.

पायरी ५: कोणत्या गेनने भागायचं?

सर्वाधिक चुका इथे होतात. इन्व्हर्टिंग जोडणी (सिग्नल मायनस इनपुटला, आउटपुट उलटं) करा: जनरेटर ते पिन २ मध्ये १० किलोओहम, पिन २ ते पिन ६ मध्ये १० किलोओहम, पिन ३ ग्राउंडला. गेन -१. इनपुट १०० मिलिव्होल्ट पीक. बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ अपेक्षित धरून बसलात तर ५०० किलोहर्ट्झच्या आसपास आकडा पाहून गोंधळाल.

आता बाकी काही न हलवता पिन २ आणि ग्राउंडमध्ये १ किलोओहम लावा. कमी फ्रिक्वेन्सीला गेन -१च राहतो, आउटपुट तसूभरही बदलत नाही. बँडविड्थ मात्र ५०० किलोहर्ट्झवरून ८३ किलोहर्ट्झच्या आसपास कोसळते.

शिल्लक बीटावर ठरते, सिग्नलच्या गेनवर नाही. जनरेटरची बाजू ग्राउंड समजा आणि आउटपुटचा किती हिस्सा पिन २ला पोचतो ते पाहा. पहिल्या जोडणीत १/२. दुसरीत १० किलोओहम आणि १ किलोओहम समांतर आले, म्हणजे ९०९ ओहम, आणि बीटा झाला १/१२. या १/बीटाला नॉइज गेन म्हणतात आणि भागाकारात नेहमी तोच घालायचा. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये सिग्नलचा गेन आणि नॉइज गेन एकच असल्यामुळे हा फरक लपून राहतो. चार इनपुटांच्या मिक्सरमध्ये प्रत्येक इनपुटचा गेन -१ असला तरी नॉइज गेन ५ असतो. आठ इनपुट केले की ९. ऑफसेट आणि आयसीचा स्वतःचा नॉइजही त्याच पटीत वाढतो, म्हणून मिक्सरमध्ये वापरात नसलेल्या इनपुटचा रेझिस्टर ग्राउंडला न जोडता सरळ मोकळा सोडावा.

फीडबॅक उलटतो तेव्हा

वाटेत इतका उशीर झाला की परत येणारा सिग्नल १८० अंश आणखी मागे पडला, तर निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो. त्या फ्रिक्वेन्सीला शिल्लक अजून १च्या वर असेल तर सर्किट ऑसिलेट होतं. म्हणून कमी गेन म्हणजे सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. फॉलोअरमध्ये पूर्ण आउटपुट परत येतं, बीटा १, आणि स्थिरतेची परीक्षा तिथेच सगळ्यात कठीण असते. एनई ५५३४ ही ऑप-अँप आयसी बाहेरच्या कपॅसिटरशिवाय गेन ३ किंवा वर वापरायची असते, ओपी ३७ गेन ५ किंवा वर. त्या वेगवान आहेत कारण त्यांतला आतला कपॅसिटर छोटा ठेवला आहे. फॉलोअरमध्ये लावल्या की त्या ऑसिलेट होणार.

टेबलावर भेटणारी कारणं मुख्यतः दोन. पहिलं, आउटपुटला लांब केबल. साध्या कोअ‍ॅक्सियल केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. आउटपुट आणि केबलमध्ये ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर घाला, फीडबॅक मात्र रेझिस्टरच्या आधीपासून, थेट पिन ६वरून घ्या. दुसरं, फार मोठे फीडबॅक रेझिस्टर. दोन्ही रेझिस्टर १ मेगाओहमचे आणि पिन २वर ब्रेडबोर्डसकट १० पिकोफॅरड धरले, तर ३२ किलोहर्ट्झलाच एक नवा विलंब तयार होतो. रेझिस्टर १० किलोओहमच्या आसपास आणा, नाहीतर फीडबॅक रेझिस्टरला समांतर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा कपॅसिटरचा उपाय ओपी ३७सारख्या आयसीला मात्र करू नका. वरच्या फ्रिक्वेन्सीला तो नॉइज गेन १वर आणतो, आणि नेमकं तेच तिला सोसत नाही.

करंट फीडबॅक जातीच्या ऑप-अँपना या लेखातला भागाकार लागू नाही. त्यांची बँडविड्थ मुख्यतः फीडबॅक रेझिस्टरवर ठरते आणि तो डेटाशीटमध्ये सांगितलेल्या मूल्याचाच घ्यायचा असतो.

आयसी निवडताना

समजा गेन १० हवा आहे, २० किलोहर्ट्झपर्यंत, चूक १ टक्क्याच्या आत, आउटपुट ५ व्होल्ट पीक. बँडविड्थ २० किलोहर्ट्झ ठेवली तर तिथे ३० टक्के चूक होईल. १ टक्क्यासाठी बँडविड्थ हव्या त्या फ्रिक्वेन्सीच्या ७ पट लागते, ०.१ टक्क्यासाठी २२ पट. म्हणजे १४० किलोहर्ट्झ गुणिले १० = १.४ मेगाहर्ट्झ. स्ल्यू रेट लागेल ०.६३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. ७४१ दोन्हींत कमी पडते. टीएल ०७२ या ऑप-अँपची गेन-बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ आणि स्ल्यू रेट १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, ती सहज पुरते. डिस्टॉर्शन फारच कमी हवं असेल तर २० किलोहर्ट्झला शिल्लक किती उरते तेही पाहा. टीएल ०७२कडे तिथे १५ उरते, १० मेगाहर्ट्झच्या एनई ५५३२कडे ५०. मी ऑडिओसाठी दुसरी घेतो.

एका स्टेजमधून खूप गेन मागण्यापेक्षा दोन स्टेज करणं जवळपास नेहमीच फायद्याचं. गेन १००साठी ७४१ची एक स्टेज १० किलोहर्ट्झ देते. गेन १०च्या दोन स्टेज प्रत्येकी १०० किलोहर्ट्झच्या, आणि दोन्ही मिळून ०.६४ पट, म्हणजे ६४ किलोहर्ट्झ.

मंडळाचा प्रीअँप मी पुढच्या वर्षी असाच पुन्हा बांधला. एका टीएल ०७२मधले दोन ऑप-अँप, प्रत्येकी ३३ किलोओहम आणि १ किलोओहम, म्हणजे गेन ३४. दोन्ही मिळून ११५६, आधीच्या एका स्टेजपेक्षा थोडा जास्तच. प्रत्येक स्टेजची बँडविड्थ ८८ किलोहर्ट्झ, एकत्रित ५६ किलोहर्ट्झच्या आसपास. पहिल्या स्टेजचा ऑफसेट दुसरीत वाढू नये म्हणून मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि दुसरीच्या प्लस इनपुटला बायस करंटसाठी ग्राउंडकडे ४७ किलोओहम. आरतीआधीच्या सूचना त्या वर्षी मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत 'स' आणि 'श'सकट स्वच्छ पोचल्या.